आमची ताई लवचिक

'लवचिक' हा शब्द आमच्या घरात एका रबरवाल्याने आणला. मी तेव्हा शाळेत होते. पेणला आमचा गणपतीचा कारखाना, म्हणजे घराच्या मागची पडवी, आणि पडवी पुरेना म्हणून अंगणात ताणलेली ताडपत्री. बाबा तोवर प्लास्टरच्या कडक साच्यात शाडू दाबून मूर्ती काढायचे. साचा उघडताना कधी सोंडेचं टोक आतच राहायचं, कधी कान. मग बाबा ज्या शिव्या द्यायचे त्या गणपतीसमोर द्यायच्या नसतात, आणि आमच्याकडे तर जिकडे तोंड करावं तिकडे गणपतीच. तो रबरवाला मुंबईहून आला. त्याने पातळ पांढरं रबर एका लहान मूर्तीवर ब्रशने थरावर थर लावून वाळवलं आणि पोराच्या डोक्यातून सदरा काढावा तसं ते ओढून काढलं. सोंड, कान, बोटं, सगळं जिथल्या तिथे. मग त्याने तो रिकामा साचा मुठीत चुरगळला, सोडला, आणि साचा परत गणपतीच्या आकाराचा झाला. "बघा शेठ," तो म्हणाला, "किती लवचिक!"

बाबांना तो शब्द इतका आवडला की विचारू नका. त्या दिवसापासून आईची भाकरी लवचिक, खाटेची पट्टी लवचिक, बोलावल्यावर लगेच येणारा वायरमन लवचिक. शेजारची म्हातारी उपासाला वडापाव खायची, तर तिचा उपास लवचिक. मला मात्र ते 'प्लास्टर' म्हणायचे. "हिला जरा वाकवायला जा, कडकन मोडेल, आनि मोडताना आपल्याच हातात घुसेल." मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. आणि ताई? ताई लवचिक. ते म्हणताना बाबांचा आवाजच बदलायचा.

रबराचं एक पथ्य असतं, ते इथे सांगायलाच हवं. मूर्ती काढून झाली की रबराचा साचा त्याच्या प्लास्टरच्या कवचात परत बसवून ठेवायचा. कवच म्हणजे बाहेरचा कडक खोका, साच्याच्या मापाचाच केलेला. तसा ठेवला नाही, कुठेतरी दुमडून टाकला, तर रबर दुमडीलाच आपला आकार समजून बसतं. एका पावसाळ्यात आमच्या कारागिराने एक साचा कवचाबाहेर दुमडून ठेवला आणि वर प्लास्टरच्या गोणी रचल्या. पुढच्या हंगामात काढला तर गणपतीचे गाल आत गेलेले, एक हात पोटाला चिकटलेला. बाबांनी तो कोमट पाण्यात ठेवून पाहिला, आतून चिंध्या कोंबून पाहिला. नाहीच आला. "हा आता लवचिक नाय ऱ्हायला," ते म्हणाले, "हा नुसता मऊ झालाय. मऊ काय, चिखल पन असतो. वाकून परत आपल्या जागी येतो तो लवचिक." आणि त्यांनी तो साचा फेकून दिला. बाबांना हे कळत होतं. रबराच्या बाबतीत तरी अगदी नीट कळत होतं.

ताईसुद्धा तेव्हा तशीच होती. खिडकीची जागा मला द्यायची, नवा फ्रॉक आधी मला घालू द्यायची, आईने सांगितलं तर शिवण टाकून पाणी भरायला उठायची. पण एकदा का ती आखणीला बसली की संपलं. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळा रंग झाल्यावर शेवटी होतं ते, आणि आमच्या कारखान्यात ते ताईच करायची, बाबाही नाही. बसायच्या आधी ती सगळ्यांना बाहेर काढायची. बाबांना सुद्धा! "बाबा, तुमी बाहेर व्हा. तुमच्या विडीचा वास माझ्या हातात येतो." आणि एवढे तापट बाबा, गुपचूप उठून ओट्यावर जाऊन बसायचे. ताईच्या गणपतीची नजर थोडी खाली असायची, समोर बसलेल्या लहान पोराकडे बघावं तशी. गिऱ्हाइकं मागच्या वर्षीचं आठवून सांगायची, ते खाली बघणारे डोळे हवेत. ब्रश धुवून ठेवला की ती परत आमची ताई, फ्रॉक देणारी.

वरशाची माणसं तिला बघायला आली तेव्हा मी पोह्यांच्या बश्या नेत होते. वरसे म्हणजे रोह्याला लागूनचं गाव. चांगली माणसं, भाताची शेती, भात काढल्यावर वाल, मुलगा रोह्याच्या कंपनीत, शिफ्टची नोकरी. घर माळकरी. मुलाच्या आईने विचारलं, आमच्यात मच्छी चालत नाय, मुलीला जमेल का? घर मोठं हाय, कामं हायत, जमेल का? बाबा खूश होऊन म्हणाले, "त्याची तुमी काळजीच करू नका. माझी पोर लवचिक हाय. जशी ठेवाल तशी ऱ्हाईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जवळ्याची चटणी केली की ताई तव्याला भाकरी पुसून खायची, आणि हे परस्पर सांगून मोकळे! मी आत जाऊन ताईला म्हटलं, तू सांग ना त्यांना. ती पदर सारखा करत होती. म्हणाली, "होईल गो सवय. त्यात काय?" बाबांचं प्रेम नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं आपण पोरीची स्तुती करतोय. पण माणूस साच्याबद्दल जे नीट जाणतो ते लेकीबद्दल कसं विसरतो, हे मला अजून समजलेलं नाही.

लग्नात ताटात तांदूळ पसरून भावोजींनी अंगठीने ताईचं नवं नाव लिहिलं. तशी रीत होती तेव्हा, बायकोचं पहिलं नावही बदलायचे. सासूबाईंनी निवडलेलं नाव, बरं होतं, मला काही वाईट वाटलं नाही. पण पुढे कधीतरी बाबा आणि मी वरशाला गेलो. ताई अंगणात वाल झोडपत होती, पाठमोरी. बाबांनी फाटकातून तिला तिच्या नावाने हाक मारली, आमच्या नावाने. ती वळली नाही. परत मारली. शेजारची बाई वळून बघायला लागली, पण ताई नाही. मग मी "ताई!" म्हणून ओरडले तेव्हा वळली आणि हसत धावत आली. परतीच्या एस.टी.त सगळ्या रस्त्यात बाबांनी विडीसुद्धा काढली नाही.

भावोजी वाईट नव्हते हो. हात उगारला नाही, दारू नाही, ताईला औषधपाण्याला कमी पडू दिलं नाही. फक्त त्यांची शिफ्ट बदलली की घराचा दिवस बदलायचा. पहिली शिफ्ट असली की ताई अंधारात डबा करायची, रात्रपाळी असली की घरात भांडं वाजू द्यायची नाही. ते झोपले की ती जेवायची, नाहीतर ते उठले की. तुला भूक कधी लागते, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "ह्यांची शिफ्ट कुठली त्याच्यावर हाय." आणि आम्ही दोघी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं होतं. सासूबाई चारचौघांत सांगायच्या, आमच्या सुनेसारखी सून नाय, जशी वाकवू तशी वाकते. आमच्या आखणीच्या दिवसांत तिकडे भाताची बेणणी, म्हणजे तण काढणं, मग कुणाचं आजारपण, मग पोराची शाळा. ताई गणपतीआधी पेणला आली असं झालंच नाही. बाबा गेले. खाली बघणारे डोळे मागणारी गिऱ्हाइकंही हळूहळू थांबली.

मी लग्न केलं नाही. माझं हे तोंड कुणाला झेपणार? कारखाना मात्र मी चालवला, वाढवला, आज आमच्या मूर्ती लांब लांब जातात.

परवाच्या उन्हाळ्यात भावोजी गेले. काविळीचं निमित्त झालं आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. दिवसकार्य झाल्यावर ताईचा मुलगा, माझा भाचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, आईला मी नागोठण्याला नेतो." तो तिथे नोकरीला, बायकोही नोकरीला, घरात तान्हं बाळ. वरशाचं घर भाड्याने द्यायचं. म्हटलं, आईला विचारलंस? तर म्हणतो, "आईचं काय गं, आई कुठेही अ‍ॅडजस्ट होते." झालं! मी मांडवातच तोंडाचा पट्टा सोडला. ती तुमची बिनपगारी बाई नाय, आयुष्यभर दुसऱ्याच्या घड्याळावर जगली, आता तरी तिला विचारा, तिला काय हवं ते. पोरगा तसा सरळ आहे. तो उलट बोलला नाही. म्हणाला, "बरं मावशी. आई गणपतीपर्यंत तुझ्याकडे राहू दे. मग ती सांगेल तसं. वरसे म्हणाली तर वरसे, पेण म्हणाली तर पेण, माझ्याकडे म्हणाली तर माझ्याकडे. मी हट्ट नाही करणार."

याहून जास्त काय हवं होतं? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ताईवर सोपवलं होतं. तिने फक्त तोंड उघडायचं होतं. मी तिला घेऊन पेणला आले, खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत, आणि सगळ्या वाटेवर मनात एकच, आता ताई परत येणार. माझी ताई, बाबांना बाहेर काढणारी.

मला साखरेचा आजार आहे, मी चहा बिनसाखरेचा पिते. दोनचार दिवसांनी लक्षात आलं की ताईही तसाच पितेय. म्हटलं, तुला काय झालंय, तू घाल की साखर. म्हणाली, "चालतो मला." मी पहाटे उठते, तीही उठायला लागली. मला पंख्याशिवाय झोप येत नाही, तर ही थंडीने पाय पोटाशी घेऊन झोपायची पण पंखा बंद कर म्हणायची नाही. भाजी काय करू? "काही पन चालेल." टीव्हीवर काय लावू? "तुझं लाव. मला चालेल." मी म्हटलं, ताई, या घरात 'चालेल' म्हणायला बंदी. ती हसली आणि म्हणाली, "बरं." मग दिवसभर 'चालेल'च्या ऐवजी 'बरं' म्हणत राहिली. डोकं आपटून घ्यावं कुठेतरी!

एकदा मी मुद्दाम जवळ्याची चटणी केली. वाटलं, वासानेच उठेल. ती ताटाशी आली, बसली, माझ्याकडे बघितलं. "खाऊ?" म्हणाली. मला विचारत होती. मी म्हटलं, तुझ्यासाठी केलीय, तुला हवी तर खा. तिने घास घेतला, चावला, गिळला. आवडली? "तू केलीस म्हंजे चांगलीच असनार." तव्यात चटणी तशीच राहिली.

आषाढ संपत आला तसा कारखान्यात हात कमी पडायला लागले. मी तिला पडवीत नेलं, रंग झालेली एक मूर्ती पाटावर ठेवली, बारीक ब्रश तिच्या हातात दिला. कारागिरांना म्हटलं, चला सगळे, चहाला जा. मीसुद्धा निघाले, कारण मला वाटलं आता ती मलाही बाहेर काढेल. पण ती म्हणाली, "तू थांब ना. कसे काढू?" म्हटलं, तुझे डोळे काढ. तू काढायचीस तसे. "माझे म्हंजे कसे?"  मी म्हटलं, सुचेल तसे काढ गं. तिने थोडा वेळ मूर्तीकडे बघितलं, मग शेजारच्या मूर्तीकडे, मग ब्रश रंगात बुडवला. हात अजिबात थरथरला नाही. भुवई, पापणी, बुबुळ, सगळं कसं अचूक. झाल्यावर मी दोन्ही मूर्ती शेजारी ठेवल्या. शेजारची मूर्ती माझ्या कारागिराने आखलेली होती, आजकाल मागतात तसे मोठे, समोर रोखलेले डोळे. ताईने तस्सेच काढले होते. कारागीर चहा पिऊन आला आणि कुठली मूर्ती आपली ते त्यालाच ओळखू येईना. "वा मावशी," तो म्हणाला, "एक नंबर!" ताईला बरं वाटलं. मी मागच्या दारी जाऊन हातपंप हापसत बसले, बादली भरून वाहायला लागली तरी.

त्या दिवशी मला बाबांचा इतका राग आला! जिवंत असते तर भांडले असते. शब्द चुकला बाबा, म्हटलं असतं. तिला ठेवायला तिचं कवच दिलंत का तुम्ही? एक खोली, एक ब्रश, एक तास तिचा म्हणून? दुमडून दिलीत आणि वर आम्ही सगळ्यांनी गोणी रचल्या. मग वर्षानुवर्षं म्हणत राहिलो, किती लवचिक, किती लवचिक. आज वर्तमानपत्रात येतं, मुलगी लवचिक स्वभावाची हवी, कामगार लवचिक हवेत, आणि मला त्या जाहिरातीला काडी लावावीशी वाटते.

तरी मी आशा सोडली नव्हती. माणूस काही रबर नसतं, असं मी स्वतःला बजावत होते. रोज थोडं विचारायचं, असं ठरवलं. आज ही साडी की ती? बाजारात जाऊया की तळ्यावर? ती माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मला काय हवं ते ओळखून तेच सांगायची. ओळखण्यात इतकी तरबेज की मला आधी वाटायचं, चला, बोलली! मग कळायचं.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात भाचा आला. मूर्तीही न्यायची होती त्याला. चहा झाला. तो ताईच्या समोर खाली बसला, तिचे पाय हातात घेतले आणि म्हणाला, "आई, सांग. तुला कुठे राहायचंय? तू म्हणशील तसं. खरंच." चांगलं विचारलं त्याने. माझ्यापेक्षाही चांगलं.

ताई म्हणाली, "तुमी दोघं ठरवा ना."

"नाही आई, तूच."

"तुला बाळासाठी लागत असेन तर येते. हिला कारखान्यात लागत असेन तर—"

"ताई!" मी ओरडले. "तुला काय पायजे? तुला! आमचं मसणात जाऊ दे!"

ती दचकली. भाचा माझ्याकडे बघायला लागला. ताईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. मग अगदी खरं विचारत असल्यासारखी, काही नाटक नाही, तक्रार नाही, मला म्हणाली, "मला काय आवडतं गो? तू सांग. तुला ठाऊक असेल."

 मला उत्तर ठाऊक नव्हतं. मला हवं होतं ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "तुला इथे आवडतं. पेणला. माझ्याजवळ."

"व्हय," ताई लगेच म्हणाली. चेहऱ्यावर कसं मोकळं मोकळं झालं तिच्या, अडलेलं काम कुणी सोडवून द्यावं तसं. मुलाकडे वळून म्हणाली, "मला हितं आवडतं. पेनला. हिच्याजवळ." माझेच शब्द, त्याच क्रमाने.

पोराने मान डोलावली. डोळे पुसले, आईच्या पाया पडला, माझ्या पडला. म्हणाला, "बरं झालं मावशी, ती बोलली." मूर्ती कापडात गुंडाळून रिक्षात ठेवली. आम्ही दोघी फाटकापर्यंत गेलो. मी जिंकले होते. आणि मला दिसत होतं की पोराने माझ्याआधी 'तुला माझ्याकडे आवडतं' असं म्हटलं असतं, तर ती आता त्या रिक्षात बसून इतक्याच आनंदाने मला हात करत असती.

रिक्षा वळली. ताईने वळून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आता कसं असायचं ते बघायला. मला रडू आवरत नव्हतं. मग तीही रडायला लागली, आणि रडता रडताच मला विचारलं, "काय झालं गो?"